आजी, अंडं आणि ज्यूकबॉक्स

पत्र

ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासू-सासरे सध्या आमच्याकडे आलेत. मुलीचा चौदावा वाढदिवस रविवारी आहे. तिला पार्टी नको, घरातल्या सगळ्यांबरोबर एका रेट्रो डायनरमध्ये ब्रंच हवाय. चौकटीची काळी-पांढरी फरशी, लाल बाकडी, नाणं टाकून गाणी लावायचा ज्यूकबॉक्स, मिल्कशेक, सगळं. अडचण अशी की सासूबाई अंडंही खात नाहीत. मागे एकदा बाहेर नेलं तेव्हा त्या तासभर संत्र्याच्या रसाचा ग्लास पुढ्यात घेऊन बसल्या आणि घरी येऊन दहीभात जेवल्या. बोलल्या काहीच नाहीत, पण मुलगी हिरमुसली. आमचे हे म्हणतात, ‘आईला राहू दे घरी. आणि त्या नकली जुन्या हॉटेलात रांग लावण्यापेक्षा घरीच काहीतरी कर.’ सासऱ्यांना मधुमेह आहे, पण ते पहिल्या दिवसापासून तयार आहेत. सासूबाईंना एकटं ठेवणं बरं दिसत नाही आणि नेलं तर त्यांचे हाल. काय करू?
– मध्ये अडकलेली

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलीला काय हवंय ते त्यात आहे, यजमानांचं मत आहे, सासऱ्यांचा उत्साह आहे, तुमची ओढाताण आहे. सासूबाई काय म्हणतात, ते मात्र कुठेच नाही. त्यांना कुणी विचारलंय का?

मागच्या वेळी त्या उपाशी राहिल्या त्याचं कारण मला तरी साधं दिसतं. समोर दहा-बारा पानांचं मेनूकार्ड आलं, त्यातल्या निम्म्या पदार्थांची नावं कळेनात, ऑर्डर घेणारी पोरगी वही घेऊन उभी राहिली, मागे लोक वाट बघतायत. अशा वेळी आपल्याकडची बाई ‘मला भूक नाही गं’ म्हणते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. तेव्हा त्यांना न्यायचं की नाही हे तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी ठरवू नका. त्यांच्यापुढे माहिती ठेवा. शनिवारी दुपारी चहाच्या वेळी डायनरचा मेनू मोबाइलवर उघडा, नातीला शेजारी बसवा आणि तिला वाचून दाखवायला सांगा. काय कशाचं बनतं ते सांगा. मग ‘याल का?’ विचारा. ‘नको’ म्हणाल्या तर तो खरा नकार समजा आणि आग्रह करू नका. माझा अंदाज, त्या येतील.

आता त्यांच्या ताटाबद्दल नीट सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे.

अमेरिकेत ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की अंडं त्यात धरलेलंच असतं. म्हणून तो एकच शब्द टाकून मोकळं होऊ नका. ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध-लोणी-चीज चालेल’ असं पूर्ण सांगा. शेवटचा भाग गाळलात तर समोरचा तुम्हाला व्हीगन समजून बिनलोण्याचा कोरडा टोस्ट आणून ठेवेल. पॅनकेक आणि वॉफलच्या पिठात बहुतेक ठिकाणी अंडं असतंच. फ्रेंच टोस्ट तर अंड्यातच बुडवलेला असतो. कोलस्लॉमध्ये मेयोनीज असतं आणि नेहमीच्या मेयोनीजमध्ये अंडं. भाज्यांचं सूप दिसायला निरागस, पण ते चिकनच्या पाण्यावर केलेलं असू शकतं. ‘पाय’ म्हणजे पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ, त्या पारीत कधी कधी डुकराची चरबी असते, तेव्हा सफरचंदाचा पाय मागवण्याआधीही विचारलेलं बरं.

दुसरा मुद्दा तव्याचा. डायनरच्या स्वयंपाकघरात एक लांबरुंद सपाट तवा असतो आणि त्यावर एका कडेला बेकन, मध्ये अंडी, दुसऱ्या कडेला बटाटे, असा सगळा संसार एकत्र चालतो. होम फ्राइज म्हणजे कांदा घालून परतलेले बटाटे, पण ते त्याच तव्यावरचे. ग्रिल्ड चीज सँडविचचंही तेच. फ्राइज तळायचं तेल चिकनबरोबर वाटून घेतलेलं असू शकतं. इथे सासूबाईंना थेट विचारायला हवं: पदार्थात नसलं म्हणजे पुरे, की स्पर्शही नको? दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत, पण मेनू त्यावर बदलतो. पुरे असेल तर ग्रिल्ड चीज, होम फ्राइज, टोमॅटो घातलेलं सँडविच, असं पुष्कळ हाती लागतं. ‘स्वच्छ पॅनमध्ये करून द्याल का’ असं गर्दी नसताना विचारलं तर बरेच लोक देतातही. स्पर्शही नको असेल तर टोस्टरमधला टोस्ट किंवा बेगल आणि क्रीम चीज, ओटमील, कापलेली फळं, कॉटेज चीज आणि ओव्हनमध्ये भाजलेला अख्खा बटाटा लोणी घालून. हा शेवटचा पदार्थ आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. सासूबाई मीठ-मिरपूड घालून तो चवीने खातील.

तुमच्या भागातली बरीच डायनर्स ग्रीक कुटुंबांनी चालवलेली आहेत, म्हणून तिथे पालकाचा पाय, फेटा घातलेलं सॅलड आणि तांदळाची खीर हमखास दिसते. सॅलडमध्ये मासे घातलेले नाहीत ना, तेवढं विचारून घ्या. पाय आणि खिरीत अंडं आहे का ते विचारा, कारण घराघरात पद्धत वेगळी.

हे सगळं विचारायला फोन करा, पण शनिवार-रविवारी सकाळी नाही. मधल्या वारी दुपारी दोन-चारच्या सुमाराला केलात तर उत्तर देणाऱ्याला वेळ असेल. आणि एक कळकळीची विनंती: ‘अंड्याची ॲलर्जी आहे’ असं खोटं सांगू नका. बरेच लोक सांगतात, सोपं पडतं म्हणून. पण ॲलर्जी म्हटलं की स्वयंपाकघराला वेगळी भांडी, वेगळा सराटा, हात धुणं अशी सगळी धावपळ करावी लागते. आवड आणि श्रद्धा सांगायला लाज कशाची? तीही ऐकून घेतात.

पर्समध्ये लसणाच्या चटणीची डबी ठेवलीत तर माझा पाठिंबा आहे. टेबलावर केचप आणि हॉट सॉसच्या बाटल्या असतात, त्यात आपली डबी कुणाला खुपत नाही. घरून डबाभर दशम्या मात्र नेऊ नका. आणि निघण्याआधी कॅलेंडर बघा. त्या रविवारी संकष्टी किंवा एकादशी निघाली, तर वरचं सगळं वाचन वाया.

सासऱ्यांकडे वळू. दोन जेवणांचं एक करायचं ही ब्रंचची मूळ कल्पना. १८९५ मध्ये गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने ‘हंटर्स वीकली’त तिची वकिली केली, तेव्हा त्याचा भर पदार्थांपेक्षा गप्पांवर होता: उशिरा उठा, सैल बसा, बोला. आदल्या रात्री जागलेल्या तरुणांसाठी ते छानच. सकाळी सातला चहा आणि गोळी घेणाऱ्या मधुमेही माणसाला साडेअकरापर्यंत ताटकळत ठेवणं मात्र बरं नाही. त्यांचं नेहमीचं थोडं खाणं आणि गोळ्या घरी वेळेवर होऊ द्या. इन्सुलिन घेत असतील तर वेळेबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोला. टेबलावरचा पॅनकेक सिरप हा बहुतेक वेळा कॉर्न सिरपचा रंगीत पाक असतो, तो त्यांच्या हातापासून लांब राहील अशी बैठक लावा. अंडी ते खात असतील तर त्यांची मजाच आहे. ‘सनी साइड अप’ म्हणजे आपलं हाफ फ्राय, ‘ओव्हर ईझी’ म्हणजे उलटून घेतलेलं पण बलक पातळच, आणि ‘ओव्हर हार्ड’ म्हणजे दोन्हीकडून पक्कं. ऑर्डर घेणारी पोरगी विचारेल तेव्हा त्यांना स्वतःला सांगू द्या. कॉफी संपली की न मागता पुन्हा भरतात, त्याचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी नसतात. कॅफीन सोसत नसेल तर नारिंगी कानाच्या भांड्यातली घ्यायची. बिनकॅफीनच्या कॉफीचा हा रंग सांका नावाच्या जुन्या ब्रँडच्या डब्यावरून रूढ झाला आणि ब्रँड मागे पडला तरी रंग राहिला.

आता यजमानांचं ‘नकली’. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आज रेट्रो डायनर म्हणून जे उभं असतं, त्यातलं बरंचसं १९८०नंतर आलेल्या लाटेत तयार झालं. निऑन, क्रोम, चौकटीची फरशी ही सगळी सजावट तेव्हा ‘पन्नासचं दशक’ म्हणून नव्याने मांडली गेली. पण मग खरं डायनर कोणतं, हे त्यांना विचारा. सुरुवात १८७२ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला झाली. वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायचा. वर्तमानपत्रात काम करणारे त्याचे मोठे गिऱ्हाईक. १८८७ मध्ये वुस्टरच्या सॅम्युअल जोन्सने गिऱ्हाइकांना आत शिरून खाता येईल अशी गाडी रस्त्यावर आणली, म्हणजे पाऊस-बर्फाची सोय झाली. पुढे या गाड्यांची चाकं गेली आणि त्या कारखान्यात बनायला लागल्या. ओ’माहोनी, कलमन, फोडेरो, पॅरामाउंट, पॅटरसनचं सिल्क सिटी, हे कारखाने तुमच्याच न्यू जर्सीत होते. अख्खं हॉटेल तयार करून रस्त्याने किंवा रेल्वेने जागेवर न्यायचं, वीज-पाणी जोडायचं आणि तवा तापवायचा. वाहून न्यायचं म्हणून ते लांब आणि अरुंद. लोकांना वाटतं ही रेल्वेचे जुने डबे कापून केलेली हॉटेलं आहेत. बहुतेक तशी नाहीत, रेल्वेच्या डब्यासारखी दिसावीत म्हणून तशी घडवलेली आहेत. म्हणजे अस्सल डायनरसुद्धा मुळात कारखान्यातून आलेली नक्कलच! गंमत पुढे आहे. साठ-सत्तरच्या दशकांत स्टील जुनाट वाटायला लागलं, तेव्हा अनेक मालकांनी दर्शनी भाग दगड-विटांनी झाकून ‘फॅमिली रेस्टॉरंट’चं रूप घेतलं. तुमच्या रस्त्यावर एखादं दगडी तोंडाचं डायनर असेल तर आत गेल्यावर बाजूच्या भिंतीकडे नजर टाका, कधी कधी जुनं स्टील डोकावतं. तुमचे यजमान इंजिनीअर असतील तर (न्यू जर्सीतून आलेलं मराठी पत्र, एवढा अंदाज बांधायला हरकत नसावी) हे त्यांना पॅनकेकपेक्षा गोड लागेल.

त्यांना खरंच अस्सल हवं असेल तर तेही तुमच्याजवळ आहे, पण वाढदिवस मुलीचा आहे. तिला लाल बाकडं आणि ज्यूकबॉक्स हवाय, इमारतीचा दाखला नाही. अस्सलची मोहीम बाप-लेकांनी पुढच्या शनिवारी काढावी.

आणि ‘पन्नासचं दशक’ म्हणून मुलगी पोल्का ठिपक्यांचा फ्रॉक घालून निघेल, तेव्हा तिच्या कानावर एक गोष्ट घाला. त्या टेबलावर त्या काळात प्रत्यक्ष जगलेलं कुणी असेल तर आजी-आजोबाच. सत्तरी ओलांडलेली आजी तेव्हा फ्रॉकात होती. रेडिओ सिलोन कुणाच्या घरी ऐकायचे, शाळेत जाताना डब्यात काय असायचं, पहिला फोटो कधी काढला, हे विचारायला याहून चांगली जागा नाही. सीबर्ग कंपनीच्या १९४८च्या ज्यूकबॉक्सने १०० गाण्यांतून निवड करू दिली तेव्हा केवढी नवलाई वाटली असेल, हे मोबाइलवर लाखो गाणी असलेल्या पोरीला आजीच्या रेडिओवरून कळेल. तुमच्या यजमानांच्या लहानपणी इराण्याकडे जायची चाल होती का, मला माहीत नाही. सासऱ्यांची असेल तर डायनर त्यांना लगेच उमगेल: परदेशातून आलेल्या माणसाने चालवलेलं, सकाळपासून उघडं, एका कपावर कितीही वेळ बसा, शेजारी हमाल की वकील ते कुणी विचारत नाही.

चौदा वर्षांच्या मुलीला हेही कळायला हरकत नाही की ते गुलाबी दशक सगळ्यांसाठी गुलाबी नव्हतं. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानातल्या लंच काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी बसले आणि त्यांना वाढायला नकार मिळाला. ते उठले नाहीत, दुसऱ्या दिवशी आणखी आले. आपल्या लोकांचं म्हणाल तर १९४६च्या कायद्याने भारतातून येऊन स्थायिक होणाऱ्यांसाठी वर्षाला साधारण १०० जणांचा कोटा ठेवला होता. १९६५च्या कायद्याने ती पद्धत मोडली, म्हणून आज तुमच्या घरात हा ब्रंचचा वाद होऊ शकतोय. वाढदिवसाच्या टेबलावर इतिहासाचा तास घेऊ नका. गाडीतून परत येताना, विषय निघाला तर.

बसण्याच्या सोयीकडे मात्र आधीच लक्ष द्या. लाल बूथ फोटोत सुरेख दिसतात, पण त्यांचं टेबल आणि बाक जमिनीला पक्के केलेले असतात, पुढे-मागे सरकवता येत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत सरकत जायचं आणि पुन्हा सरकत बाहेर यायचं म्हणजे शिक्षा. सासूबाईंना कडेची जागा द्या किंवा खुर्च्यांचं टेबल मागा. काउंटरवरच्या गोल स्टुलांना पाठ नसते, तिथे नातीने फोटोपुरतं बसावं. फरशी, स्टील, फॉर्मायका, सगळं कडक, त्यामुळे आवाज घुमतो. सासऱ्यांना कानाचं यंत्र असेल तर ज्यूकबॉक्स आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचा कोपरा मागा. एसीसाठी शाल न्या. साडी नेसून यायचं म्हणाल्या तर नेसू द्या, तिथे पोल्का ठिपके चालतात तर नऊवारीही चालेल.

वेळ: रविवारी साडेदहा ते एक ही सगळ्यात वाईट वेळ. बरीच डायनर्स रविवारी नाव लिहून घेतात, टेबल राखून ठेवत नाहीत. तुम्ही नऊ-सव्वानऊला पोचलात तर रांगही टळते, सासऱ्यांची भूकही सांभाळली जाते आणि यजमानांची तक्रारही संपते. किंवा थेट दोन वाजता जा. खऱ्या डायनरमध्ये न्याहारीचे पदार्थ दिवसभर मिळतात, तुमच्या ठिकाणी तसं आहे का तेवढं त्याच फोनवर विचारा. चोवीस तास उघडी राहणारी पुष्कळ डायनर्स २०२०च्या साथीनंतर लवकर बंद व्हायला लागलीत, तेव्हा वेळही विचारून घ्या.

मागवताना पाच जणांना पाच प्लेटी नकोत. तिथली एक प्लेट आपल्या दोघांना पुरते. सासूबाईंचं खाणं सगळ्यात आधी सांगा, शेवटी नको. शेवटी सांगितलं की ते ‘आणि हिच्यासाठी काहीतरी’ होतं. मिल्कशेक दोन घ्या, एक नातीचा आणि एक मधोमध. आइस्क्रीम कोणतं ते विचारा, काहींत अंड्याचा बलक असतो. उरलेलं डब्यात भरून मागायला लाजू नका, तिथले स्थानिकही तेच करतात. काउंटरवरच्या जुन्या लोकांची बोली तुमच्या मुलीला आवडेल: टोस्टवर ठेवलेल्या दोन पोच्ड अंड्यांना ते ‘ॲडम अँड ईव्ह ऑन अ राफ्ट’ म्हणायचे आणि तीच फेटून हवी असतील तर ‘रेक ’एम’. तिने ऑर्डर तशी देऊन बघावी. वाढणारी बाई पन्नाशीची असेल तर हसेल, विशीची असेल तर बुचकळ्यात पडेल.

राहिलं बिल. ते सासरे देऊ बघतील, आकडा बघून मनात रुपये करतील आणि गप्प होतील. अनेक डायनर्समध्ये पैसे दाराजवळच्या गल्ल्यावर भरायचे असतात, तेव्हा हात धुवायला जातो म्हणून यजमानांनी उठावं आणि परस्पर भरून यावं. टिप १५ ते २० टक्के, करापूर्वीच्या रकमेवर. यजमान यावरही कुरकुरले तर त्यांना सांगा की टिप घेणाऱ्या कामगारांसाठी केंद्राच्या कायद्यातलं किमान वेतन १९९१पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवर अडकलंय. अनेक राज्यांनी स्वतःचा दर जास्त ठेवलाय, पण हा धंदा टिपवरच चालतो. मोठ्या गटाच्या बिलात काही ठिकाणी टिप आधीच धरलेली असते, ती ओळ बघा, नाहीतर दोनदा जाईल. आणि टिप रोख टेबलावर ठेवणार असाल तर सासऱ्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही विसरलात असं समजून ते ती नोट उचलतील आणि पार्किंगमध्ये तुमच्या हातात आणून देतील.